सहा पर्स, चार साडू

माझ्या मांडीवर तीन पर्स होत्या आणि खांद्यावर मोठ्या मेहुणीची ओली छत्री ठिबकत होती. डावीकडे पेणचे साडू, त्यांच्याकडे दोन. उजवीकडे डोंबिवलीचे साडू. त्यांच्याकडे एकच, पण ती एवढी जड की आत पाटा-वरवंटा असावा. उरणचे साडू मध्यंतरात पॉपकॉर्न आणायला गेले होते, ते पिक्चर संपला तरी परतले नव्हते. आणि या सहा पर्सच्या सहा मालकिणी पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत पिंगा घालत होत्या. पडद्यावर नावं वर सरकत होती. झाडलोट करणारा मुलगा दाराशी झाडू टेकवून उभा होता. आमच्या सासूबाई, वय वर्षं ऐंशी, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून मार्गदर्शन करत होत्या, "वाकू नका गं नुसत्या, कमरेतून फिरा!"

हे अधिक महिन्यात घडलं, म्हणून जास्त लागलं. २०२३ साली श्रावण अधिक होता, १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, आणि धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा. जवळपास तीन वर्षांतून एकदा येतो, पण आला की जावई साक्षात विष्णू. सासूबाईंनी चारही जावयांना पनवेलला बोलावलं, ओवाळलं, पुरणाचे धोंडे वाढले, आणि प्रत्येकाला तेहतीस अनारशांचं वाण दिलं. एकूण एकशेबत्तीस अनारसे, त्यातला एकही तुपात हसला नव्हता. हसायचं काम दुपारी होतं.

दीड वाजता मी विष्णू होतो. तीन वाजता हमाल.

तिकिटं आधीच काढलेली होती. आम्हाला विचारलं नव्हतं, कळवलं होतं. 'बाईपण भारी देवा.' ३० जूनला, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी लागलेला हा सिनेमा ऑगस्ट उजाडला तरी हलायला तयार नव्हता. बायका त्याला एकट्यादुकट्या जात नव्हत्या. भिशी जात होती, भजनी मंडळ जात होतं, सोसायटीच्या सगळ्या विंगा जात होत्या. नऊवारी नेसून आणि वर काळे गॉगल लावून. तळोज्याच्या कारखान्यात आमच्या खात्यातल्या तिघांनी एकाच आठवड्यात 'डबा आणला नाही' म्हणून कॅन्टीनमध्ये जेवण घेतलं, तेव्हाच मला वारं कुठून वाहतंय ते समजायला हवं होतं.

पनवेल आणि सिनेमा यांचा संबंध बाहेरच्यांना एका फार्महाऊसपुरता ठाऊक आहे. मुंबईचे पाहुणे पळस्पे फाटा यायच्या आत विचारतात, "सलमान इकडेच राहतो ना?" जणू तो रोज सकाळी लाइन आळीत मेथीची जुडी घासाघीस करून घेतो. बाकी आम्ही पिक्चर बघणारी साधी माणसं. आधी गावातल्या टॉकीजमध्ये ढेकूण मारत पाहिले, आता मॉलमध्ये थंडीनं कुडकुडत पाहतो. पण एक गोष्ट कायम होती. कुठला पिक्चर बघायचा ते घरातला पुरुष ठरवायचा. 'बायकांचा पिक्चर' म्हणजे टीव्हीवर लागेल तेव्हा त्यांनी भाजी निवडत बघायचा, अशी वाटणी होती.

डोंबिवलीच्या साडूंनी जेवतानाच विरोध नोंदवला होता. त्यांचं सिनेमाचं ज्ञान दांडगं. कुठल्या पिक्चरनं पहिल्या तीन दिवसांत किती कोटी केले ते त्यांना पाठ असतं. घरचं लाइट बिल किती आलं ते मात्र बायकोला विचारावं लागतं. ते म्हणाले, "सहा बायकांचा पिक्चर आहे. आपल्या पुरुषांना त्यात काय कळणार?"

आमची ही पुरण वाढता वाढता म्हणाली, "तुमचे आम्हाला कळतात ना? एक माणूस ठोसा मारतो आणि पंधरा माणसं हवेत उडतात, हे आम्ही चाळीस वर्षं समजून घेतलं. तुम्ही अडीच तास मंगळागौर समजून घ्या."

साडूंनी तुपाची वाटी पुढे केली. विषय संपला.

खरं सांगायचं तर ही कुरकुर जुनी आहे आणि तिच्यात माझाही वाटा आहे. २००४ साली केदार शिंद्यांचा 'अगं बाई अरेच्चा!' आला. संजय नार्वेकरला बायकांच्या मनातलं ऐकू येऊ लागतं, अशी गोष्ट. आम्ही पोट धरधरून हसलो. एका पुरुषाला बाईचं म्हणणं ऐकू येतं, एवढंच दाखवायला चमत्कार घडवावा लागला, हे तेव्हा आमच्या लक्षातच आलं नाही. पुढे २०१५ साली त्याच दिग्दर्शकानं 'अगं बाई अरेच्चा २' आणला. नाव तेच, गोष्ट निराळी, आणि मुख्य भूमिकेत सोनाली कुलकर्णी. मी पहिला अर्धा तास संजय नार्वेकर आता येईल, मग येईल, म्हणून दाराकडे डोळे लावून बसलो होतो. मध्यंतरात डोंबिवलीचे साडू म्हणाले, "फसवणूक आहे ही. आंब्याच्या पेटीत फणस." आता फणस काही वाईट नसतो. पण पेटीवर जे लिहिलंय ते निघालं नाही की आपण आधी चिडतो आणि मग वास घेतो.

त्याच्या पुढच्याच वर्षी हे दुखणं जागतिक असल्याचं कळलं. भाच्यानं फोनवर एका इंग्रजी पिक्चरची झलक दाखवली. 'घोस्टबस्टर्स'. मूळ पिक्चर १९८४ चा; चार पुरुष न्यू यॉर्कमध्ये भुतं पकडतात. २०१६ साली पॉल फीग नावाच्या दिग्दर्शकानं तोच खेळ नव्यानं मांडला आणि भुतं पकडायला चार बायका घेतल्या. झालं! जगभरचे पुरुष पिक्चर लागायच्या आधीच अंगठा खाली करू लागले. यूट्यूबवर सगळ्यात जास्त नापसंती मिळालेली सिनेमाची झलक, असा त्याचा बोभाटा झाला. मीही भाच्याच्या फोनवर खाली अंगठा दाबला. मूळ पिक्चर मी पाहिलेला नव्हता. इंग्रजी मला धावतं कळत नाही. पण आपल्या बालपणावर घाला घातला जातोय असं मला तीव्रतेनं वाटलं. माझं बालपण पनवेलच्या गाढी नदीत डुंबण्यात गेलं, तिथे न्यू यॉर्कची भुतं कधी आली होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

खरं तर भुतांच्या बाबतीत आपण कोकणातली माणसं फार पुढारलेली. मुंज्या, वेताळ, देवचार यांच्या बरोबरीनं हडळ आणि जखीण पूर्वापार कामावर आहेत. आमच्या भुतांत बायकांना कधी आरक्षण मागावं लागलं नाही. आणि भूत उतरवायचं खातं तर पहिल्यापासून त्यांच्याचकडे. मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या की संपला विषय. पाठीवर पंप बांधून फिरायची गरज नाही.

तो पिक्चर पुढे एका रविवारी टीव्हीवर लागला. त्यात क्रिस हेम्सवर्थ नावाचा, एरवी हातोडा घेऊन देव म्हणून फिरणारा नट, या चार बायकांच्या कचेरीत फोन उचलायच्या नोकरीवर आहे. दिसायला राजबिंडा आणि डोक्यानं कोरा. त्याच्या चष्म्याला काचाच नाहीत. पुसाव्या लागतात म्हणून त्यानं त्या काढून टाकल्या आहेत. मी म्हटलं, "काय हा बावळटपणा! नटाला नुसता शोभेला ठेवलाय."

ही भेंडी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "मग एवढी वर्षं हिरॉइन काय करत होत्या?"

मी चॅनल बदललं.

तर 'बाईपण'कडे येऊ. रिक्षात बसायच्या आधीच भांडण झालं. पिक्चरमध्ये सहा बहिणी: रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या कुलकर्णी, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर आणि दीपा परब. आमच्याकडे सख्ख्या चौघी आणि दोन वहिन्या मिळून बरोबर सहा. मग कोण कोण, ते ठरवायला नको? सगळ्यांना दीपा परब व्हायचं होतं. रोहिणी हट्टंगडी व्हायला कुणी तयार नव्हतं. मोठ्या मेहुणीला सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्यात आणि हिच्यात दीड वर्षाचं अंतर आहे. दीड!" शेवटी सासूबाईंनी स्वतःला रोहिणी हट्टंगडी जाहीर केलं आणि रिक्षा सुटल्या.

थिएटरात शिरलो तर सगळीकडे बायकाच. आम्ही चौघं अंग चोरून आत आलो, तेव्हा एका आजींनी आमच्याकडे कौतुकानं पाहिलं. बारशाला मुद्दाम आलेल्या पाहुण्याकडे बघतात तसं. आमच्या रांगेत आणखी एक गृहस्थ होते. नजरानजर झाली. परदेशात मराठी माणूस भेटल्यासारखे आम्ही हसलो.

गोष्ट अशी की एकमेकींपासून दुरावलेल्या बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. आता, अधिक श्रावणात मंगळागौर पुजत नाहीत, ती निज श्रावणात. पण थिएटरला पंचांग लागू नसतं. पडद्यावर पहिली फुगडी रंगली तेव्हा आमच्या मागच्या रांगेतून "बसफुगडी घ्या गं!" अशी फर्माईश आली. नवरे होते पिक्चरमध्ये. शरद पोंक्षे होते, तुषार दळवी होते. पण कसे होते? आपल्या जुन्या पिक्चरमध्ये नायकाची बहीण असायची तसे. दारात यायचे, एखादं वाक्य बोलायचे आणि पुढच्या प्रसंगाला वाट करून द्यायचे. आणि त्यातल्या कुणी काही नवरेपणाचं बोललं की एक विलक्षण प्रकार घडायचा. पडद्याकडे बघणाऱ्या सगळ्या माना एकदम आमच्याकडे वळायच्या. दोनशे बायका आणि पाच पुरुष. मी त्या पिक्चरमध्ये नाही, त्या घरात नाही, ते वाक्य मी लिहिलेलं नाही, हे सगळं सांगावंसं वाटलं. पण वाक्य ओळखीचं होतं. शब्दशः तेच मी त्याच सकाळी म्हणालो होतो, वाणाचं ताट हातात धरून.

पेणचे साडू पहिल्या पंधरा मिनिटांतच रडायला लागले. त्यांच्या आळीत गणपतीचे कारखाने. चतुर्थी सप्टेंबरात, त्यामुळे डोळ्यांपुढे मूर्ती आणि रंगच. त्यांना एरवी श्वास घ्यायला फुरसत नसते. कदाचित वर्षभराचं रडू साठलं असेल. "धूळ गेली," म्हणाले. मल्टिप्लेक्समध्ये धूळ! मीही रडलो एका ठिकाणी. कुठे ते सांगणार नाही. हिनं विचारलं होतं, तेव्हाही सांगितलं नाही.

डोंबिवलीचे साडू मात्र शेवटपर्यंत "याला लॉजिक नाही" म्हणत राहिले. मला हसू येत होतं ते याच माणसाच्या आवडत्या पिक्चरची यादी आठवून. पहिला नंबर 'अशी ही बनवाबनवी'. १९८८ चा. भाड्याची खोली मिळावी म्हणून चार मित्रांपैकी दोघे साड्या नेसतात. सचिन सुधा होतो, लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती. लीलाबाई काळभोरांना अंगणात रोज वावरणाऱ्या या सुना खऱ्या वाटतात. डोहाळजेवणसुद्धा पार पडतं! सत्तर रुपये म्हटलं की पुढचं वाक्य अख्खा महाराष्ट्र पुरं करतो. तिथे लॉजिक कुणी मागितलं? 'मोरूची मावशी' बघा. ब्रँडन थॉमसच्या इंग्रजी नाटकावरून अत्र्यांनी रचलेलं. विजय चव्हाण नऊवारीत रंगमंचावर यायचे आणि प्रेक्षागृह कोसळायचं. आणि मुळातच जायचं तर फाळक्यांपर्यंत जा. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये तर साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. म्हणजे वनवासातलं भांडण घरातल्या घरात. बाईची विनोदी भूमिका करायला शंभर वर्षं आपल्याला पुरुष चालला. बाईनं स्वतःच केली की लॉजिक!

हे मी त्या वेळी बोललो नाही. चहा पिताना बोललो, आणि तिथेच घात झाला.

पिक्चर सुटल्यावर आम्ही अकरा जण चहाला बसलो होतो. अकरा, कारण उरणचे साडू अखेर सापडले. त्यांची हकीकत अशी. मध्यंतरात लेडीज टॉयलेटची रांग लॉबी ओलांडून पोस्टरपर्यंत गेली होती. जेन्ट्सच्या बाजूला शुकशुकाट. तेव्हा नऊवारीतल्या कुणा पुढारी बाईंनी परिस्थितीचा ताबा घेतला, जेन्ट्स जिंकलं, आणि पॉपकॉर्नच्या रांगेतल्या आमच्या साडूंना दारावर नेमलं. "दादा, पुरुष कुणी आला तर थांबवा." साडू बंदरात कामाला. पहारा कसा द्यायचा ते त्यांना शिकवावं लागत नाही. पुढचा खेळ भरेपर्यंत त्यांनी तो दिला, हातात पॉपकॉर्नचा डबा धरून. पिक्चर अर्धा हुकला, पण माणसाच्या चेहऱ्यावर कर्तव्यपूर्तीचं तेज होतं. पॉपकॉर्न मात्र संपलं होतं. जाता-येता प्रत्येकीनं मूठभर घेतलं, म्हणाले. त्या डब्याच्या किमतीत बाजारात पाच किलो मका आला असता, ते जाऊ द्या.

तर चहा पिताना डोंबिवलीचे साडू म्हणाले, "आज हे चाललंय. उद्या 'बनवाबनवी'सुद्धा बायकांना घेऊन काढतील!" आवाजात असा काही थरकाप होता, की जणू वडाळे तलाव बुजवायला काढलाय.

धाकटी मेहुणी म्हणाली, "काढू देत की. गोष्ट तयार आहे. आपली सोनू कामोठ्यात जागा शोधत होती ना, तीन मैत्रिणींबरोबर? एजंट काय म्हणाला? मुलींना नाही, फॅमिलीलाच देणार. मग दोघींनी नवरे व्हायचं."

"मिशा लावून?" पेणचे साडू.

"मिशी कशाला?" आमची ही म्हणाली. "अंघोळ झाली की ओला टॉवेल गादीवर टाकायचा."

मी चहात बिस्किट बुडवलं होतं, ते तिथेच राहिलं.

"फ्रिज उघडून उभं राहायचं," मोठी मेहुणी. "लोणी समोर दिसत असताना ओरडायचं, लोणी कुठंय?"

"पाहुणे आले की आत येऊन हळूच विचारायचं, ह्यांचं नाव काय गं?" वहिनी.

"आणि काही विचारलं की 'बघू' म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी उभ्या आयुष्यात सासऱ्यांबद्दल चकार शब्द काढलेला मी ऐकला नव्हता. त्या 'बघू'मध्ये पन्नास वर्षं होती.

विचार करा. लक्ष्या आणि सचिनला बाई व्हायला साडी लागली, आवाज लागला, पदर सावरता यावा लागला, लाजता यावं लागलं. आणि यांच्या पिक्चरमध्ये पाच मिनिटांत घरमालकिणीची खात्री पटली! धाकटी म्हणाली, "त्यामुळे अडचण एकच. कुणी ओळखतच नाही. पिक्चर मध्यंतरापर्यंतच संपतो."

"मग मध्यंतरानंतर काय?" पेणच्या साडूंचा प्रश्न प्रामाणिक होता. त्यांना गोष्ट खरंच आवडली होती.

"मध्यंतरानंतर त्या दोघी म्हणतात, आम्ही नवरेच राहणार. ताट आयतं मिळतं."

शेजारच्या टेबलावर नऊवारीतल्या चौघी होत्या, त्याही हसल्या. त्यांना हसायचं कारण सांगावं लागलं नाही. डोंबिवलीचे साडू गप्प होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "घरमालकीण कोण करेल पण?" आणि मग स्वतःच, "निर्मिती सावंत." माणूस पिक्चरवेडा खराच. अंगठा खाली असला तरी पात्रनिवड वरच.

त्या रात्री आम्ही चौघा साडूंनी व्हॉट्सअॅपवर गट काढला. ठरलं असं की चौघांनी मिळून एक पिक्चर बघायचा, फक्त पुरुषांनी. रविवार सगळ्यांना जमेना. शनिवारी पेणचे साडू मोकळे नसत, शुक्रवारी उरणचे दुपारपाळीला. पिक्चर कुठला, यावर डोंबिवलीचे साडू रोज नवा आकडा पाठवत आणि आम्ही अंगठा. गट अजून आहे. त्यावर सकाळी सूर्योदय येतो.

नोव्हेंबरात हेमंत ढोमेचा 'झिम्मा २' लागला. सहलीला गेलेल्या बायकांचा दुसरा भाग. पहिला २०२१ साली आला होता. २४ तारखेला लागला आणि २६ च्या रविवारची तिकिटं आमच्याकडे आदल्या आठवड्यातच ठरली होती. मला फोनवरून कळलं, म्हणजे ही दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होती तेव्हा. मी गुपचूप इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. खिशात रुमाल ठेवला, एका ठिकाणी रडू आलंच तर. रविवारी दोन वाजता ही नऊवारी नेसून, गॉगल शोधत बाहेर आली. माझा शर्ट पाहिला.

"तुम्ही कुठे निघालात?"

"तुमच्याबरोबर. पर्स कोण धरणार?"

"अहो, या वेळी पर्स नेतच नाही कुणी," ती म्हणाली, आणि कमरेला खोचलेला फोन दाखवला. "सगळं याच्यावर होतं. लोणी फ्रिजमध्ये आहे. दुसऱ्या कप्प्यात. डावीकडे."

दार ओढलं गेलं. खाली रिक्षाचा आवाज आला, मग पाच-सहा जणींचा एकदम हसण्याचा. मी फ्रिज उघडून उभा राहिलो. दुसऱ्या कप्प्यात डावीकडे काहीच नव्हतं. मी हाक मारणार होतो.